मर्ज टूल म्हणजे कुबड्या? आधी बेस बघा

कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट दोघांचे बदल एकत्र करतं, तो मर्ज. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली की कॉन्फ्लिक्ट होतो आणि गिट फाइलीत खुणा घालून ठेवतं. त्यावर एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की 'कॉन्फ्लिक्ट सोडवायला व्हिज्युअल टूल लागतं तो प्रोग्रामर कच्चा, एडिटरात फाइल उघडा, खुणा पुसा, झालं. आणि टूल घ्यायचंच तर विकतचं घ्या, फुकटची सगळी सारखीच.'

'खुणा पुसा, झालं' हेच मुळात चुकतंय. गिट डिफॉल्टला त्या खुणांमध्ये दोनच बाजू दाखवतं. एकीकडे आहे 'कनेक्ट(होस्ट, ३०)', दुसरीकडे 'कनेक्ट(सर्व्हर, ६०)'. आता सांगा, ठेवायची कुठली? बेस, म्हणजे दोघांनी हात लावायच्या आधीची ओळ, 'कनेक्ट(होस्ट, ६०)' होती हे दिसलं की कळतं की एकाने टाइमआउट कमी केला आणि दुसऱ्याने नाव बदललं, म्हणजे बरोबर उत्तर 'कनेक्ट(सर्व्हर, ३०)', जे दोन्हीकडे नाहीच! केडिफ३ हे टूल बेस आणि दोन्ही बाजू अशा तीन फाइली शेजारी शेजारी लावतं आणि खाली निकाल, तिथे हे एका नजरेत येतं. एडिटरच आवडत असेल तर गिटचं कॉन्फ्लिक्टस्टाइल हे सेटिंग डिफ३ करून घ्या, बेस तिथेही दिसतो, माझं भांडण एडिटरशी नाहीच.

आता विकतचं. बियाँड कम्पेअर मस्त आहे, पण त्याचं तीन बाजूंचं मर्ज प्रो एडिशनमध्येच येतं, स्टँडर्ड घेतलंत तर पैसे गेले आणि बेस नाहीच. पीफोरमर्ज फुकट आहे आणि बेस दाखवतं. फुकटची सारखी नाहीतच, विनमर्ज फक्त विंडोजवर आणि तीन बाजू २.१६ पासून, मेल्ड लिनक्सवाल्यांचं लाडकं.

'टूल परस्पर मर्ज करून चुका लपवतं' असंही त्या मेसेजात आहे. अहो, जिथे टक्कर नाही तिथे गिट टूल उघडायच्या आधीच मर्ज करून मोकळं होतं. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने वेगळ्या फाइलीत जुन्या नावाने नवा कॉल टाकला, तर खूण एकही येत नाही आणि बिल्ड फुटतो, म्हणजे प्रोग्राम तयारच होत नाही. हे हाताने करणाऱ्यालाही दिसत नाही, टेस्ट चालवायलाच लागतात.

टूलने मी फसलोय तो मात्र रिबेसमध्ये, म्हणजे आपले कमिट (नोंदवलेले बदल) उचलून समोरच्या ब्रांचवर (कामाच्या दुसऱ्या शाखेवर) पुन्हा रचताना, तिथे 'अवर्स' म्हणजे समोरची ब्रांच आणि 'देअर्स' म्हणजे आपलेच कमिट, मी डोळे झाकून अवर्स दाबत गेलो आणि माझंच दुपारभराचं काम उडालं, शेवटी रीफ्लॉगमधून, म्हणजे ब्रांच आधी कुठे होती त्याच्या गिटच्या नोंदीतून, उपसून काढलं.