व्यसन : नाही

मागच्या रविवारी भाच्याचा लग्नाचा बायोडाटा टाईप करत बसलो होतो. उंची, शिक्षण, शेती किती, मामाचं गाव, सगळं झालं आणि शेवटी 'व्यसन' ही ओळ आली. मी मान वर करून बघितलं, तर हा खिडकीत उभा राहून डाव्या तळहातावर अंगठा फिरवत होता. म्हणाला, "लिवा की मामा, नाही म्हणून." मी विचारलं, "आणि हे काय?" तर म्हणाला, "तंबाखू काय व्यसनात धरत्यात व्हय?"

मी तिथं काही बोललो नाही. वीस वर्षं माझंही हेच उत्तर होतं. पण आठवडाभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या खिशात पुडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मला तंबाखू सोडून चौदा महिने झाले. सुरुवात कुठं झाली ते नीट आठवतंय. बाविसावं वर्ष होतं, उसाला पाणी द्यायची पाळी होती आणि शेतीची लाईट रात्रीची. बारानंतर बांधावर डोळे मिटायला लागले तेव्हा चुलत्यांनी तळहात पुढे केला. "घे, झोप येत न्हाई." खरंच आली नाही. त्या रात्री दोनदा घेतली, पुढच्या पाळीला चारदा. लग्न झालं, साताऱ्यात पतसंस्थेत नोकरी लागली, शेती वाट्याने गेली. रात्रीचं जागरण संपलं, पण पुडी राहिली. सुटायच्या आधी दिवसाला बारा बार चालले होते.

आपल्याकडे दारू पिणारा दारुडा ठरतो, सिगारेट ओढणारा पोरगा घरच्यांपासून लपतो. तंबाखू मात्र वडीलधाऱ्यांसमोर मळता येते, पाहुण्याला देता येते. 2016-17 साली देशभर जे सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्रात चारातला एक प्रौढ माणूस तंबाखू घेणारा निघाला. आणि त्यातले ओढणारे थोडेच, चार टक्क्यांच्या आत. बाकी सगळे तोंडात ठेवणारे. म्हणजे आपल्या राज्याचा खरा प्रश्न धुराचा कमी आणि गालफडातला जास्त आहे. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. पुडी आणि चुन्याची डबी प्रत्येक टपरीवर राजरोस टांगलेली असते.

चुना कशाला लावतात हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं. मी समजायचो चवीला. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या पातळ कातडीतून सरळ रक्तात उतरतं. चुना जरा जास्त पडला की झणकन डोक्यात जातं ते त्यामुळे. ती कातडी रोज भाजत राहते, एकाच जागी, वर्षानुवर्षं.

माझ्या खालच्या ओठाच्या आत अशी एक जागा झाली होती. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी ओठ खाली ओढून आरसा हातात दिला. पांढरा चट्टा. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, कडेला सुरकुतलेला, भिजलेल्या कागदासारखा. जीभ लावली की खरखरीत लागायचा, ती खरखर मला कित्येक महिने ठाऊक होती. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कसे काढले ते बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. मुलगा तेव्हा पाचवीत होता. तो झोपला की त्याच्याकडे बघत बसायचो.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही नाही, पण तंबाखू चालू ठेवली तर पुढची खात्री देता येणार नाही. बाहेर आलो, गाडी काढली आणि त्याच संध्याकाळी बार भरला.

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा उघड लिहितोय. पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, पाकिटाचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्याने व्यापलेला असतो, आणि लोक तीच पुडी फाडून खातात. तेव्हा आपण म्हणतो, "एवढं दिसतंय तरी खातोय म्हणजे मनाचा कच्चा." मला हे बोलणं आता सहन होत नाही. मी मनाचा कच्चा नाही. वडिलांचं आजारपण काढलंय, घराचं कर्ज फेडलंय. भीती रात्री वाटायची, आणि हात सकाळी साडेसहाला खिशात जायचा. त्या दोघांची गाठच पडत नव्हती.

गाठ पडली ती एका कागदावर. बायको म्हणाली, "अहो, सोडू नका आत्ता. केव्हा केव्हा खाता तेवढं लिहून तरी ठेवा." एवढा साधा सल्ला. कोऱ्या स्लिपा ऑफिसात असतातच, एक खिशात ठेवली आणि सात दिवस प्रत्येक बाराला वेळ आणि जागा लिहिली. सात दिवसांनी दोघांनी मिळून बघितलं. पहिला बार पहाटे, संडासला जायच्या आधी. दुसरा गाडीला किक मारल्यावर. मग काउंटर उघडल्यावर, अकराच्या चहानंतर, जेवणावर, कॅश जुळली की एक, जुळली नाही तरी एक. आणि जवळजवळ चार बार असे होते की मला तलफच नव्हती, कुणीतरी समोर मळत होता म्हणून मी हात पुढे केला होता.

ते चार पहिल्या आठवड्यात गेले. फक्त जागा बदलली. जेवणानंतर आमची चौघांची बैठक बाहेरच्या पिंपळाखाली असायची, तिथं जायचं बंद केलं.

याचं दुःख झालं, तेही सांगतो. तंबाखू सोडा म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाशी बोलायचं तर "चुना हाय का?" याच्यासारखी दुसरी सुरुवात नाही. साहेब असो, शिपाई असो, एकाच तळहातावरची चिमूट उचलतात. मी पिंपळाखाली जाणं सोडलं तशी गावातली निम्मी बातमी मला कळेनाशी झाली. पहिले दोन महिने मी माणसांना जास्त मुकलो, तंबाखूला त्याहून कमी.

खरी लढाई पहाटेच्या बाराशी झाली. तंबाखू खाणाऱ्या कुणालाही विचारा, सोडत का नाहीस, तर दहातले पाच जण खालच्या आवाजात सांगतील, "त्याशिवाय पोट साफ होत नाही." ही सबब नाही, खरंच तसं होतं. निकोटीन आतड्यांना चालना देतं, शरीर वर्षानुवर्षं त्यावर विसंबतं, आणि ते काढलं की काही दिवस सगळं अडतं. मला चार दिवस त्रास झाला. पोट फुगलेलं, डोकं जड, काउंटरवर एका म्हाताऱ्या खातेदारावर विनाकारण ओरडलो. (दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.) पाचव्या पहाटे बायकोने दोन तांब्ये कोमट पाणी दिलं आणि म्हणाली, "जा, फिरून या, त्याशिवाय घरात येऊ नका."

माझ्या व्यायामाची सुरुवात अशी झाली. घरातून निघालो आणि पाय अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले. पहिल्या दिवशी निम्म्यातच कठड्यावर बसलो. छाती भात्यासारखी हलत होती. माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ, डोक्याला मफलर, हातात काठी, शांतपणे पुढे निघून गेले आणि जाताना म्हणाले, "सावकाश. गड कुठं जात नाही." आणि हो, त्या दिवशी पोट साफ झालं.

तेव्हापासून रोज जातो. दरवाजापर्यंत पोहोचायला मला अकरा दिवस लागले. आता न थांबता वर जातो, मंगळाईचं दर्शन घेतो, खाली सातारा उजाडताना बघतो. समोर यवतेश्वर, एका बाजूला जरंडेश्वर. आमच्याकडे यवतेश्वरचा घाट चढून 21 किलोमीटर पळणारे हजारो लोक दरवर्षी येतात. मी वीस वर्षं त्यांना रस्त्याच्या कडेला उभा राहून, ओठाखाली बार ठेवून बघायचो आणि वाटायचं, हे वेगळ्या जातीचे लोक, आपलं काम नाही. फिटनेस म्हणजे महागडे बूट, हाताला घड्याळ, सकाळी अंड्याचा पांढरा भाग, असं आपल्या डोक्यात बसलंय. त्यामुळे पुडीवाला माणूस स्वतःला त्यातून आधीच वगळून टाकतो. मी पहिले तीन महिने ऑफिसच्या सँडलवरच चढलो.

सोडणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, अनुभवाच्या. तलफ आली की वाटतं आता ही तासभर छळणार. नाही छळत, पाच-दहा मिनिटांत ओसरते. मी घड्याळ लावून बघितलंय. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, तीन आठवड्यांनी बराच फरक. निकोटीनची चावायची गोळी (गम) मेडिकलमध्ये मिळते, मी दोन मिलिग्रॅमची वापरली, अडीच महिने. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळायची नसते, थोडी चावून गालात ठेवायची असते. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, उचक्या लागून हैराण झालो होतो. ज्यांना बीपी, शुगर, हृदयाचं काही आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. 1800-11-2356 हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, तंबाखू सोडायला मदत करतात.

आणि कृपा करून तंबाखूच्या जागी सुपारी आणू नका. आमच्यातल्या एकाने तसंच केलं. नुसती सुपारीही कॅन्सरला कारण होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ती त्याच यादीत घातली आहे. सुपारीने तोंड आतून आवळत जातं. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील तर उद्याच दाखवा. मी बडीशेप आणि लवंग ठेवायचो. भूक मात्र वाढली, तीन महिन्यांत चार किलो वजन वाढलं, कारण तोंडाला सतत काहीतरी हवं असायचं आणि समोर फरसाण असायचं. ते उतरायला पुढचे सहा महिने गेले.

मधे दोनदा घसरलो. एकदा गावच्या जत्रेत, एकदा चुलत्यांच्या दहाव्याला. दहाव्याला घाटावर बसलो होतो, चुलतभावाने मळून हात पुढे केला. ज्या माणसाने मला पहिली चिमूट दिली त्याच्यासाठीच बसलो होतो, कसा नाही म्हणणार होतो? घेतली. लोक म्हणाले, झालं, लागली परत. दुसऱ्या दिवशी पहाटे गडावर गेलो आणि तिथून पुन्हा सुरू केलं. बारा बारांवरून वर्षात दोनवर आलेला माणूस हरलेला नसतो, त्याला तसं म्हणू नका.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. आमच्या घरात तंबाखू खाणारा मी एकटा कधीच नव्हतो. आई मशेरी लावते. लहानपणापासून सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो करपट, खोकला आणणारा वास म्हणजे मला आमचं घर वाटायचं. ती काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची आणि अर्धा-पाऊण तास तोंडात तशीच ठेवायची. सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री झोपताना. दात दुखत होते म्हणून लग्नानंतर सासूने लावायला शिकवलं. त्याला आम्ही दात घासणं म्हणायचो. माझ्या तोंडाचा चट्टा निघाल्यावर घर हादरलं, पण सत्तरीच्या आईचं तोंड कधी कुणी तपासलं होतं? तिला कुणी व्यसनी म्हणालं नाही, आणि म्हणून सोडवायलाही कुणी गेलं नाही. आपल्या मायमावश्या, शेतावरच्या मजूर बाया, धुणीभांडी करणाऱ्या ताई, किती जणींच्या कनवटीला ती डबी असते. आपण पुरुषांना तरी "सोड" म्हणतो. त्यांना विचारतसुद्धा नाही.

मी आईला घेऊन गेलो. हिरड्या सुटल्या आहेत, दोन दात काढावे लागले, बाकी तोंड सुदैवाने साफ आहे. पूर्ण सुटलेली नाही. दुपारची आणि रात्रीची बंद झाली, सकाळची राहिली आहे. मी गडावरून येईपर्यंत ती अंगणात फेऱ्या मारते, मी आल्यावर दोघं मिळून चहा घेतो, आणि तोपर्यंत डबी उघडायची नाही असं आमचं ठरलंय. कालची डबी नऊ वाजता उघडली.

भाच्याच्या बायोडाट्यातली ती ओळ मी रिकामी ठेवली आहे. मुलीकडच्यांना खोटं लिहून द्यायचं नाही असं ताईला सांगितलं, ती जरा रागावली आहे. त्याला मी कोरी स्लिप दिली आहे, वेळ आणि जागा लिहायला. उद्या रविवार, पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बोलावलंय, येतो म्हणालाय. साताऱ्यातल्या अजून कुणाला यायचं असेल तर या. खिशात पुडी असली तरी या, सँडल घालून या. आम्ही सावकाश चढतो.