कर्ट वॉर्नर एका रात्रीत घडला नाही

अमेरिकन फुटबॉलमधल्या कर्ट वॉर्नरची गोष्ट प्रेरणादायी म्हणून सारखी फिरत असते. ती साधारण अशी: तज्ज्ञांना ज्याची पारख झाली नाही, असा किराणा दुकानात माल लावणारा हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) वर्षभरात नशिबाच्या जोरावर सुपर बोल, म्हणजे एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकतो आणि मग मागे वळून पाहत नाही. यातलं दुकान तेवढं खरं. बाकीचं तपासायला हवं.

आधी ते ‘वर्षभर’. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या एनएफएल संघाने सराव शिबिरातून घरी पाठवल्यावर तो आयोवातल्या सीडर फॉल्सला, तासाला साडेपाच डॉलरवर, रात्रपाळीत फळ्यांवर माल लावत होता. सुपर बोल जिंकला ३० जानेवारी २००० रोजी. मधली पाच वर्षं कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते वॉर्नर घडला तो त्याच वर्षांत.

१९९५ ते १९९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. हा खेळ बंदिस्त जागेत, अवघ्या ५० यार्डांच्या मैदानावर, आठ-आठ खेळाडूंत होतो. एनएफएलचं मैदान याच्या दुप्पट लांब. अरीनात बचावपटू बघता बघता अंगावर येतात. चेंडू हातात आला की कुणाकडे फेकायचा ते ठरवून लगेच मोकळं व्हावं लागतं. पुढे एनएफएलमधल्या सेंट लुइस रॅम्सकडून ज्या झटपट, नेमक्या फेकीने त्याने भल्याभल्यांचे बचाव फोडले, ती इथे घोटली गेली. १९९६ आणि १९९७ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोहोचला, दोन्ही वेळा हरला. १९९८ मध्ये ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून तो एनएफएल युरोप या युरोपातल्या लीगमध्ये खेळला, तेव्हा पासचे यार्ड (फेकींतून कापलेलं अंतर) आणि टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण) या दोन्हींत तोच पहिला होता.

तज्ज्ञ आंधळे होते का? १९९४ पुरतं तरी नाही. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात मुख्य क्वार्टरबॅक म्हणून त्याला शेवटचं एकच वर्ष मिळालं होतं, आणि पॅकर्सकडे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर असे तिघे होते. कच्च्या खेळाडूला वगळलं, यात गैर काय? १९९९ ची गोष्ट वेगळी. नव्याने उभ्या राहणाऱ्या क्लीव्हलँड ब्राउन्सना इतर संघांनी मोकळे सोडलेले खेळाडू निवडता येत होते; रॅम्सनी त्याला असा मोकळा सोडला होता आणि ब्राउन्सनीही त्याला घेतलं नाही. ही मात्र खरी चूक.

नशीब होतंच. ऑगस्ट १९९९ मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा दुखावला, म्हणून जागा रिकामी झाली. पण त्या हंगामातले ४,३५३ यार्ड आणि ४१ टचडाउन पास दुसऱ्याच्या दुखापतीतून येत नाहीत. शिवाय सोबत चेंडू घेऊन धावणारा मार्शल फॉक आणि फेकी झेलणारे आयझॅक ब्रूस, टॉरी होल्ट होते, त्याला बचावपटूंपासून वाचवणारी समोरची भिंत ओरलँडो पेस सांभाळत होता. त्यांना वगळून सांगितलेली गोष्ट मला अन्यायाची वाटते.

‘मागे वळून पाहिलं नाही’ हे तर साफ खोटं. २००१ मध्ये दुसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर हाताची दुखापत आली आणि रॅम्समधली त्याची जागा गेली. २००४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने नवख्या ईलाय मॅनिंगसाठी त्याला बाकावर बसवलं. ॲरिझोना कार्डिनल्सकडेही त्याला जागेसाठी झगडावं लागलं. तिथे, ३७ व्या वर्षी, त्याने संघाला पुन्हा सुपर बोलपर्यंत नेलं. फेब्रुवारी २००९ मधला तो सामना पिट्सबर्गने २७-२३ असा जिंकला.