जीडीपी वाढला म्हणून लोकांचं बरं चाललंय असं नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: लोकांचं कसं चाललंय ते जीडीपीवरून (देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांच्या एकूण किमतीवरून) कळतं, पैसा आला की आरोग्य आपोआप येतं, बाकीचे निर्देशांक म्हणजे परदेशी कारस्थान आणि मोजता येत नाही ते सोडून द्यावं. यातलं एकही विधान टिकत नाही.

पहिलं विधान. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली. संशय दूषित पाण्यावर होता. धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद गेली, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं, आयसीयूची बिलं, पाण्याचे जार, टँकर, हा सगळा खर्च जीडीपीत जमेच्या बाजूला बसतो. घरोघरी नळाला स्वच्छ पाणी आलं असतं, तर यातला बराचसा आकडा उभाच राहिला नसता. आजारपण जमा धरणाऱ्या हिशोबावरून लोकांचं बरंवाईट कसं ठरवणार? राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणारे सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण जोखता येणं कठीण आहे.

पैशामागून आरोग्य येतं म्हणावं, तर हरियाणाचं दरडोई उत्पन्न केरळपेक्षा जास्त आहे. तरी २०२० च्या सरकारी आकडेवारीत हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू केरळात ६, हरियाणात २८. (महाराष्ट्रात १६.) पैसा लागतोच, म्हणून तर मानव विकास निर्देशांकात आयुर्मान आणि शिक्षणाच्या जोडीला उत्पन्नही धरतात.

तो निर्देशांक १९९० मध्ये पुढे आणला पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी, अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन. पुणेकरांनी तर कारस्थान हा शब्द काढूच नये. आपल्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्येच सरासरी उत्पन्नाच्या पलीकडे जाऊन विचारलं होतं: दिवसाला २२५० उष्मांकांचं अन्न मिळेल एवढा तरी खर्च किती जणांना झेपतो? शहरांतल्या जवळपास निम्म्या लोकांना झेपत नव्हता.

आणि मोजता न येणारं म्हणजे नक्की काय? घरकाम? ते आपल्याच सरकारने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत मोजलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. पोळ्यावाल्या मावशींचा पगार जीडीपीत धरायचा असतो; त्याच पोळ्या घरच्या बाईने लाटल्या तर त्या मेहनतीची तिथे नोंदच नाही.