‘दहा-वीस रुपयांनी काय होतं?’ : एका सातारकरांना उत्तर

नमस्कार सातारकर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक सातारकर’ एवढीच सही आहे, म्हणून तीच हाक. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत होती आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखी नव्हती. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या सोसायटीत दर महिन्याला सगळ्यांची रद्दी एकत्र विकतो, कुणी वाढदिवसाच्या हॉटेलखर्चातले थोडे पैसे बाजूला काढतं, एकदोघांनी लग्नात आहेराऐवजी देणगी घ्या म्हणून पत्रिकेत छापलं. ते सगळं मिरजेच्या बाजूला असलेल्या मुलींच्या एका वसतिगृहाला जातं. त्यावर तुमचं म्हणणं असं की दहा-वीस रुपयांनी कुणाचं दारिद्र्य हटत नाही, हा मध्यमवर्गाचा स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा उद्योग आहे. ही कामं सरकारची आहेत. संस्थांचा निम्मा पैसा पगारात जातो. मोठे लोक देतात ते टॅक्स वाचवायला. आणि चारचौघांत मागणं म्हणजे भिडेची वसुली. ‘द्यायचं तर गुपचूप द्यावं, डबा घेऊन दारोदार फिरू नये,’ असा शेवट.

डब्यापासूनच सुरुवात करतो, कारण दारोदार फिरण्याची सर्वांत मोठी गोष्ट तुमच्याच गावची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. आणि पंगत म्हटली की रोजचा शिधा आला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. जयंतीच्या भाषणात ते हमखास येतं आणि यायलाच हवं. मुष्टिफंड मात्र भाषणात एका वाक्यात उरकतात. घरातल्या बाईनं रोजच्या धान्यातलं एक मूठ बाजूला काढून ठेवायचं, ते घरोघरी फिरून गोळा करायचं आणि पोरांच्या पोटाला घालायचं, असा तो मामला. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं हो. मूठ रोज पडते. शिवाय मूठ देणारीला आपण काही मोठं दान केलं असं वाटायचं कारण नव्हतं. पाठ थोपटून घ्यायची सोयच नाही त्यात.

आता आमच्या मिरजेकडच्या वसतिगृहाबद्दल. तुम्ही कधी अशा जागी गेलात तर छताकडे बघा. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं असतं. पंखा सुरू केला की नाव दिसत नाही, ही देणगीदाराची खरी पंचाईत. लोखंडी कपाटांवर नावं, बाकांवर नावं. व्हरांड्यात स्टीलचा मोठा वॉटर कूलर आहे, त्यावर तर ताटाएवढी पाटी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कूलर बंद होता आणि शेजारी माठ ठेवला होता. कारण काय, तर फिल्टर बदलायचा राहिला होता. कूलर द्यायला माणूस मिळतो. फिल्टर कुणाच्या स्मरणार्थ देणार? त्यावर नाव कुठे रंगवायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे आणि मूळ लेखातही तेच होतं. मोठ्या देणगीला बहुतेक वेळा दोरी बांधलेली असते: खोली बांधा, संगणक घ्या, उद्घाटनाला बोलवा. गॅसची टाकी, लाइट बिल, महिन्याचं तेल, तापाच्या पोरीला रिक्षाने दवाखान्यात नेणं, पॅडची पाकिटं, यांना कुणी दाता मिळत नाही. दर महिन्याला न चुकता येणारे आणि कशावरही खर्च करता येणारे थोडे पैसे तिथे फार उपयोगी पडतात. त्यातूनच फिल्टर बदलला गेला. दारिद्र्य हटेल असा दावा मी कुठेच केलेला नाही, पुन्हा वाचून बघा.

पगाराचा मुद्दा याच्याच पोटातला. पन्नास पोरींचा स्वयंपाक दोन्ही वेळेला कुणीतरी करतं, रात्री कुणीतरी तिथे झोपतं. त्या मावशींना पगार नको? तो पैसा ‘वाया’ गेला असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? इथेही उदाहरण साताऱ्याचंच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला तो गावोगाव नाटकाचे प्रयोग करून. इमारत बांधायला नव्हे, तर पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला काही मानधन मिळावं म्हणून. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजातून मानधन द्यायचं. कार्यकर्त्यालाही किराणा भरावा लागतो हे चारचौघांत बोलायला त्या लोकांना संकोच वाटला नाही. हां, पदाधिकाऱ्याच्या गाडीचं पेट्रोल आणि मावशींचा पगार यांत फरक आहे, आणि तो ताळेबंद मागून बघता येतो. जी संस्था ताळेबंद दाखवायला का-कू करते, तिच्या वाटेला जाऊ नये.

सरकारचं काम आहे, हे सोळा आणे कबूल. म्हणूनच उपचारासाठी पैसे हवेत असं आवाहन व्हॉट्सॲपवर आलं की मी पहिल्यांदा पैसे पाठवत नाही, विचारतो: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार बसतो का? ती योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे का? असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि बिलाच्या रकमेतले २ टक्के त्यासाठीच्या निधीत टाकावे लागतात. मुख्यमंत्री सहायता निधीत अर्ज केलाय का? निम्म्या वेळा उत्तर ‘माहीत नव्हतं’ असं येतं. गावाकडून आलेल्या माणसाला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, डॉक्टरांचं अंदाजपत्रक हे जमवायला मदत केली तर आपल्या हजार रुपयांपेक्षा कितीतरी जास्त त्याच्या पदरात पडतं. पण मिरजेत पेशंट पडून आहे आणि जतहून आलेली त्याची बायको दवाखान्याच्या आवारात दिवस काढतेय, तिचं जेवण कुठल्या योजनेत बसतं? तिथे वर्गणीच लागते. सरकारने करावं म्हणून आपण हात बांधून बसलो, तर सरकारला लाज वाटत नाही, बाई उपाशी राहते.

टॅक्सचं थोडक्यात. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट नव्या करप्रणालीत मिळतच नाही. जुन्यातही २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर ते धरत नाहीत. रद्दी विकणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. पुढे चला.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूने बोलतो, कारण सांगलीकरांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरलं आणि मदतीचे ट्रक आले, अख्ख्या महाराष्ट्रातून आले, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीग होते. एकच बाही असलेले शर्ट, जरीचे फाटके शालू. रस्त्याच्या कडेला ते चिखलात भिजत पडले आणि आधीच उपसून न संपणाऱ्या कचऱ्यात भर पडली. घरात गुडघाभर गाळ असलेल्या माणसाला तेव्हा खराटा, फावडं, फिनेल आणि ताडपत्री हवी होती. ‘पैसे दिले तर खातात, वस्तू दिलेली बरी’ या अविश्वासातून ते ढीग आले. तुमचा अविश्वास मला समजतो, पण त्याचा हा परिणामही बघा.

अविश्वासावर आमच्याकडे साधा उपाय आहे. पार्किंगमध्ये रद्दीवाला काटा मांडतो. पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा, कारण भाव वेगळा. पावसाळ्यात दमट गठ्ठा तो बोटाने दाबून बाजूला काढतो आणि त्यावरून दर वेळी थोडी हुज्जत होते. वजन आमचे एक निवृत्त काका वहीत लिहितात, आणि पैसे तोच रद्दीवाला वसतिगृहाच्या क्यूआर कोडवर टाकतो. पाठवण्याआधी मोबाइलवर खातेदार म्हणून संस्थेचंच नाव आलं का, हे काका मान वाकडी करून वाचतात. आमच्या कुणाच्या हाताला नोट लागत नाही. संस्थेची पावती लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते. नोंदणी नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी जमवायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाला विचारावं लागतं. गणेश मंडळांना ती परवानगी लागते ती याचमुळे. पुढच्या वेळी पोरं पावतीपुस्तक घेऊन आली की खुशाल कागद मागा.

राहिली भीड. हळदीकुंकवाला बायकांना बोलवायचं आणि वाणासोबत देणगीचा डबा पुढे सरकवायचा, हे मला स्वतःला पटत नाही, आणि आमच्याकडे एकदा तशी टूम निघाली तेव्हा काही जणी स्पष्ट नाही म्हणाल्या. ठीकच केलं त्यांनी. फळ्यावर फक्त एकूण रक्कम असते, फ्लॅट नंबर नाही. महिनाअखेरीच्या रविवारी ज्यांच्या दाराबाहेर गठ्ठा असेल तो उचलायचा. नसेल तर बेल वाजवायची नाही, पुढे जायचं. तुम्ही विचारलंय की जे देत नाहीत त्यांच्याशी कसं वागता. दुसऱ्या मजल्यावरचं एक घर रद्दी कधीच देत नाही, सगळी आपल्या धुण्याभांड्याच्या मावशींना देतं. मावशी ती विकून मुलाच्या वह्या घेतात. त्यांच्याशी आम्ही कसं वागणार? सुतळी कमी पडली की त्यांच्याकडूनच मागून आणतो.