बर्फ, चाकं आणि २०३०चं 'पक्कं' पदक

हिवाळी स्पर्धांचा मोसम आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. स्केटिंग क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांत. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच: 'भारत गरम देश. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत आपल्याला जागाच नाही. परीक्षक गोऱ्यांनाच गुण देतात. जी एक मुलगी जाते ती अमेरिकेत वाढलेली, म्हणजे आपली नाहीच. सरकारला इच्छा असती तर आपली रोलर स्केटिंगची पोरं सहा महिने बर्फावर उतरवून २०३०च्या ऑलिंपिकमध्ये पदक पक्कं केलं असतं.'

सुरुवातीला जागाच नाही आणि शेवटी पदक पक्कं! मधल्या दोन वाक्यांत असं काय घडलं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून एकेक करून बघायला हवं.

आधी ते 'जागाच नाही'. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या, म्हणजे आयएसयूच्या, जागतिक स्पर्धेत प्रत्येक सदस्य देशाला प्रत्येक गटात एक प्रवेश मिळतो. भारत सदस्य आहे, म्हणजे जागा आहे. अट एकच: खेळाडूने त्याआधी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ठरावीक किमान तांत्रिक गुण मिळवलेले असावेत. एकट्या गेलेल्या खेळाडूने पहिल्या दहांत नंबर काढला तर पुढच्या वर्षी त्या देशाला दोन जागा, पहिल्या दोनांत आला तर तीन. तीनच्या वर कोणालाच नाही. त्यामुळे जपानमध्ये चौथ्या क्रमांकाची मुलगी जगात दहावी असली तरी घरी बसते. आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ओशनियासाठी जी फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धा १९९९पासून होते, तिथे तर किमान गुणांची अट पाळून कोणताही देश तिघांना पाठवू शकतो. एकशेचाळीस कोटींचा हिशेब इथे कामाचा नाही. किती मुलं रोज बर्फावर उतरतात, तो हिशेब कामाचा.

'गरम देश' हे तर सरळ चूक. स्पर्धेचं फिगर स्केटिंग नैसर्गिक बर्फावर होत नाही. ते साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद अशा बंदिस्त रिंकवर होतं. जमिनीखालच्या नळ्यांतून गारवा खेळवून वर पाण्याचे पातळ थर गोठवत नेतात. बाहेर काय तापमान आहे याने फक्त विजेचं बिल बदलतं. जपानमधलं नागोया घ्या. तिथला उन्हाळा पस्तीस अंशांच्या वर जातो आणि हवा अगदी चिकट. त्याच गावातून मिदोरी इतो आली, १९८९ची जगज्जेती आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सेल ही साडेतीन फेऱ्यांची उडी मारणारी पहिली स्त्री. तीन वेळा जगज्जेती झालेली माओ असादा तिथलीच. २०२२ आणि २०२३चा विजेता शोमा उनोही तिथलाच.

जपान श्रीमंत आहे, त्यांचं वेगळं, असं कोणी म्हणेल. ठीक. फिलिपिन्सचा मायकेल मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर शिकला आणि २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये एकोणिसावा आला. मेक्सिकोचा डोनोव्हान कॅरिलो लिऑन शहरातल्या मॉलमध्ये, पूर्ण मापाच्याही नसलेल्या बर्फावर सराव करायचा. २०२२मध्ये बीजिंगला तो फ्री स्केटपर्यंत, म्हणजे दुसऱ्या आणि शेवटच्या फेरीपर्यंत, पोचला आणि बाविसावा आला. मलेशियाचा ज्युलियन यी २०१८मध्ये प्याँगचँगला पंचविसावा होता. फ्री स्केटला चोवीस जण जातात. एका नंबरने गेला बिचारा. स्पेनच्या हाविएर फर्नांडेझने तर २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन जागतिक अजिंक्यपदं घेतली. यातल्या कोणत्या देशाची ओळख बर्फामुळे आहे?

अर्धं खरं आहे ते 'बर्फ नाही' एवढंच. सिमल्याची रिंक १९२०पासून आहे, पण ती नैसर्गिक. थंडी पडली तर हिवाळ्याचे दोन-तीन महिने, नाही पडली तर तेवढेही नाही. गुरुग्रामच्या मॉलमध्ये एक आहे. मुंबईकरांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधली आठवत असेल, पण तिथे आपण भाड्याचे ओले बूट घालून कठड्याला धरून फिरायचो. तो सराव नव्हे. खरी गोष्ट देहरादूनची. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे पूर्ण मापाची बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा झाली आणि पुढे कित्येक वर्षं ती बंद. २०२५मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या वेगाच्या स्केटिंगची, स्पर्धा भरली. म्हणजे इमारत होती. बर्फ धरून ठेवायला लागणारी रोजची वीज, यंत्रं सांभाळणारी माणसं आणि पहाटेपासून तिथे येणारी मुलं, यांची सोय नव्हती.

रिंक बंद पडली की काय होतं, ते जपानमधल्या सेंदाईने पाहिलंय. तिथली रिंक २००४मध्ये पैशांअभावी बंद पडली. त्याच गावात घडलेली शिझुका अराकावा २००६मध्ये ट्यूरिन ऑलिंपिकला सुवर्ण जिंकली, तिने रिंकसाठी शब्द टाकला आणि २००७मध्ये ती पुन्हा उघडली. मधल्या काळात तिथला एक मुलगा दुसरीकडे, मिळेल तेवढ्या वेळात सराव करत होता. तो युझुरू हान्यू. २०११च्या भूकंपाने रिंक पुन्हा बंद पडली, तेव्हा तो आइस शो करत गावोगाव फिरला, कारण शोच्या निमित्ताने बर्फ मिळायचा. पुढे २०१४ आणि २०१८, दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं त्याची.

आता परीक्षक. या मुद्द्याला सगळ्यात जास्त लाइक पडतात आणि हाच सगळ्यात पोकळ आहे. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षणाचा मोठा घोटाळा झाला, हे खरं. त्यातूनच जुनी 'सहापैकी सहा' पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला छापील किंमत आहे. लुत्झ आणि टो लूप हे उड्यांचे प्रकार; ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्या, डबल म्हणजे दोन. ट्रिपल लुत्झचे ५.९, ट्रिपल टो लूपचे ४.२, दोन्ही जोडून मारल्या तर १०.१. डबल लुत्झचे २.१, डबल टो लूपचे १.३, जोडून ३.४. एका जोडीतच ६.७ गुणांचा फरक पडला, आणि परीक्षकाने अजून बटण दाबलेलं नाही.

त्या छापील किमतीवर नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात. एका पायरीला मूळ किमतीचा दहावा हिस्सा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची श्रेणी काढून उरलेल्या सातांची सरासरी धरतात. उडीत फेऱ्या पुऱ्या झाल्या का, हे तर परीक्षक ठरवतच नाहीत. त्यासाठी तिघांचं वेगळं तांत्रिक मंडळ असतं आणि ते रिप्ले थांबवून थांबवून बघतं. आता हा हिशेब करा: ट्रिपल लुत्झ मारताना मुलगी पडली. श्रेणी साधारण उणे पाच, म्हणजे ५.९मधून २.९५ गेले. पडल्याचा आणखी एक गुण कापला. हातात उरले १.९५. नीट उतरलेला साधा डबल लुत्झ २.१ देतो! तरी पडणारी मुलगी ट्रिपल का मारते? कारण डबलवर राहिली तर किमान तांत्रिक गुणांचा उंबरठा ओलांडणं कठीण.

नावाजलेल्या खेळाडूला सादरीकरणाच्या गुणांत थोडं झुकतं माप मिळतं, हे मला मान्य आहे. कोणत्याही देशाचे जाणकार ते खासगीत कबूल करतील. पण ते झुकतं माप चौथी आणि सहावी यांच्यात फरक पाडतं. आपली मुलगी चोविसाच्या बाहेर राहते ती उड्यांमुळे.

'अमेरिकेत वाढलेली, म्हणून आपली नाही.' रोख तारा प्रसादवर आहे. जन्म अमेरिकेतला, आईवडील भारतीय, सरावही तिकडेच. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २००८पासून केंद्र सरकारचं धोरण असं की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येतं. तिने अमेरिकी पासपोर्ट सोडून भारतीय घेतला. ज्या पासपोर्टसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, तो तिने एका अशा खेळासाठी परत दिला ज्यात भारतात ना पैसा ना प्रेक्षक. ती राष्ट्रीय विजेती आहे, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती आठवी आली. आशियात आठवी, ज्या आशियात जपान, कोरिया आणि चीन आहेत. फॉरवर्डमध्ये ही ओळ कधी आलेली बघितली नाही.

आणि परदेशात सराव हा गुन्हा असेल तर किम यूनालाही कोरियाची म्हणू नका. ती टोरांटोत कोच ब्रायन ऑर्सरकडे घडली. हान्यू तिथेच गेला, फर्नांडेझही. जपानची जागतिक विजेती जोडी रिकू मिउरा आणि र्‍युइची किहारा कॅनडातल्या ओकव्हिलमध्ये सराव करत आली. जिथे कोच आणि बर्फ आहे तिथे खेळाडू जातो. आपला नीरज चोप्रा जातोच की.

राहिला रोलरचा मुद्दा, आणि इथे माझा जीव थोडा अडकतो, कारण महाराष्ट्रात ही मुलं खरंच आहेत. पुण्या-मुंबईत, पार्किंगमध्ये, शाळेच्या फरशीवर, पावसाळ्यात क्लास बुडवत. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३मध्ये भारताने रोलर स्पीड स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत पुरुष आणि महिला अशी दोन कांस्यं घेतली. पुरुषांच्या चमूत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. पण तो वेगाचा खेळ. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्पीड आणि फिगर एकत्र कालवलंय.

'सहा महिने' कुठून आले असावेत, याचाही अंदाज बांधता येतो. फ्लोरिडाच्या ओकाला गावची एरिन जॅक्सन चाकांवरची स्पीड स्केटर. बर्फावर जेमतेम चार महिने काढून ती २०१८च्या अमेरिकी ऑलिंपिक संघात आली. ही गोष्ट जगभर गाजली. पण त्या ऑलिंपिकमध्ये ती चोविसावी होती. ५०० मीटरचं सुवर्ण मिळालं २०२२मध्ये, आणखी चार वर्षं बर्फावर घासल्यानंतर. आणि तेही स्पीडमध्ये, जिथे चाकांवरची ढब बरीचशी जशीच्या तशी चालते.

फिगरमध्ये तसं चालत नाही. ब्लेडच्या तळाला मधोमध खोलगट खाच असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. लुत्झ घ्यायची तर मागे जाताना बाहेरच्या धारेवर राहून, दुसऱ्या पायाच्या ब्लेडच्या टोकाचे दाते बर्फात रोवून उडायचं. शेवटच्या क्षणी घोटा आत कलला की धार बदलली. तांत्रिक मंडळ ती खूण करतं आणि गुण जातात. चाकांच्या बुटाला पुढे रबरी स्टॉपर असतो आणि धार ही चार चाकं कलवून धरायची असते. अंगाला उडीची, गिरकीची ओळख होते, धीटपणा येतो, तोल येतो. घोट्याचं काम मात्र नव्याने शिकावं लागतं. लहानपणी बदल केला तर जमतो: तारा लिपिन्स्की चाकांवरच सुरुवात करून सहाव्या वर्षी बर्फावर आली आणि १९९८मध्ये पंधराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकली.

आजच्या नियमाने त्या वयात तिला प्रवेशच मिळाला नसता. वरिष्ठ गटासाठी स्पर्धेआधीच्या १ जुलैपूर्वी सतरा पूर्ण हवीत. म्हणजे २०३०ला फ्रेंच आल्प्समध्ये उतरायचं तर जन्म १ जुलै २०१२च्या आधीचा हवा, आणि २०३४ला युटामध्ये उतरायचं तर १ जुलै २०१६च्या आधीचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आज पहिल्यांदा हेल्मेट घालून उभी राहिलेली पाच-सहा वर्षांची चिमुरडी या दोन्ही ऑलिंपिकला जाऊच शकत नाही. शिवाय ऑलिंपिकच्या जागाही मोजक्याच: २०२६ला महिला एकेरीत एकूण जागा होत्या २९, त्यांतल्या चोवीस आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतच ठरल्या.

सरकारच्या इच्छेबद्दल एवढंच, की इच्छा मोजायचीच असेल तर उद्‍घाटनाच्या फोटोवरून मोजू नका. देहरादूनची रिंक वर्षातले किती दिवस चालू राहते, आणि त्यातले किती तास फिगरच्या मुलांना मिळतात, ते विचारा. हॉकी, शॉर्ट ट्रॅक आणि सहलीला आलेले पाहुणे, सगळ्यांना तोच एक बर्फ लागतो.

मग जवळच्या काळात भारताला खरी संधी कशाची? फोर कॉन्टिनेंट्समध्ये एकाऐवजी दोघी-तिघी जाणं. जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममधून, म्हणजे पहिल्या फेरीतून, पहिल्या चोविसांत येऊन फ्री स्केट करणं. ऐकायला हे पदकासारखं चमचमीत नाही, पण कॅरिलोने ऑलिंपिकमध्ये हे केलं तेव्हा मेक्सिकोत पहिल्या पानावर बातमी करण्यासारखीच गोष्ट होती. आयएसयू प्रत्येक स्पर्धेनंतर सगळ्यांची गुणपत्रिका जाहीर करते, उडीगणिक. भारतीय मुलीचा पुढचा निकाल आला की क्रमांक सोडा, डावीकडचा मूळ किमतीचा रकाना बघा. तिथे मागच्या वर्षी डबल होती आणि आता ट्रिपल आली असेल, तर तो स्क्रीनशॉट त्याच ग्रुपवर टाका.