गोळी नक्की कुणाच्या सोयीची?

परवा माझ्या पोराच्या एडीएचडीवरच्या (लक्ष टिकत नाही, अंगात सतत भिंगरी) औषधांबद्दल लिहिलं, त्या लेखाखाली ‘पेठेतला’ या नावानं जी कमेंट आलीय तिचे स्क्रीनशॉट लोकांनी मलाच पाठवले, म्हणून उत्तर देतेय. दादांचं म्हणणं असं: आईबापाला पोरं सांभाळायचा कंटाळा, म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांना गोळ्या चारायच्या. आमच्या वेळी असली पोरं तालमीत घातली की सरळ व्हायची. मेथिलफेनिडेटनं, म्हणजे पोरगा घेतो त्या गोळीनं, उंची खुंटते हे मी लपवलं. आणि अॅटोमॉक्सेटिन हे यावरचं दुसरं औषध आठवड्यात लागू पडतं असं मी लिहिलं, ते चूक आहे.

शेवटचं बरोबर आहे. चार-सहा आठवडे लागतात, कधी जास्त. दुरुस्ती केलीय, आभार.

पण ‘चारायच्या’? गुरं बांधलीत का हो आमच्या परड्यात? मुद्दा मांडायला माझी ना नाही, पण आईशी बोलायची ही पद्धत?

आता सोय. पोरगा पाच वर्षांचा असताना कोल्हापुरात रंकाळा तलावावर भेळेच्या गाडीपाशी माझा हात सोडून थेट रस्त्यात पळाला, केएमटी बसवाल्यानं करकचून ब्रेक मारला, खाली उतरून मला नाही नाही ते बोलला आणि मी मान खाली घालून ऐकलं. तरी दुसऱ्या दिवशी गोळी नाही सुरू केली. सहाच्या आतल्या पोराला आधी औषध नाही, आधी आईबापाचं ट्रेनिंग, असं डॉक्टरांनीच सांगितलं. ते केलं. गोळी आली ती तो साडेसहा वर्षांचा झाल्यावर.

तेव्हापासूनची सोय ऐका. सकाळी नाष्टा पोटात गेल्यावर गोळी, कारण नंतर भूकच मरते. डबा दुपारी चार वाजता परत येतो, चपातीचा रोल तसाच, कडा वाळलेल्या. गोळीचा असर चार तासांचा, तो उतरला की चिडचिड, आणि रात्री नऊला साहेब भाताबरोबर तांबडा रस्सा ओरपतात. औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं म्हणून प्रत्येक मेडिकलात मिळत नाही, चिठ्ठी घेऊन गावभर फिरायचं, वर काउंटरवरचा माणूस आपल्याकडं गर्दुल्ल्याकडं बघावं तसं बघतो. एवढी सोय शत्रूलाही नको.

तालमीतही घातलाय बरं का, अजून जातो, लाल माती आवडते त्याला. वस्ताद एवढंच म्हणाले, “ताई, पोरगं गुणी हाय, पण जोर मोजताना आकडा विसरतंय.” वस्तादांना जे कळलं ते तुम्हाला कळू नये!

उंचीचं म्हणाल तर थोडा फरक पडू शकतो, म्हणूनच डॉक्टर दर खेपेला उंची, वजन, बीपी बघतात. अमेरिकेत १९५५ पासून परवानगी असलेलं औषध आहे, कालचं खूळ नव्हे. पुढं.

आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, गोळी कधीच उतरलीय, पोरगा गणिताची वही डोक्यावर ठेवून सोफ्यावरनं उड्या मारतोय. या की दादा, तेवढी तीन गणितं घ्या करून.