सगळे दगड सारखेच? खामगावच्या भाऊंना उत्तर

भाऊ, चंद्र, बुध आणि मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातले वेस्टा, सेरेस म्हणजे शेवटी खड्ड्यांनी भरलेले दगडच, असं तुमचं माझ्या मागच्या लेखावरचं म्हणणं. त्यांच्या तुलनेत पानं घालवण्यापेक्षा व्यासांचा तक्ता दिला असता तर लोणार-मेहकरच्या पोरांना परीक्षेत कामी आला असता, असंही तुम्ही लिहिलंत. पोरांची काळजी मलाही आहे, म्हणूनच हे पटत नाही.

नुसत्या व्यासाने फसगत होते. मंगळाचा व्यास ६,७७९ किलोमीटर, बुधाचा ४,८७९. तरी दोघांच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व जवळपास सारखंच, पृथ्वीच्या ३८ टक्के. कारण बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गोळा आहे; त्रिज्येचा सुमारे ८५ टक्के भाग त्यानेच व्यापलाय. चंद्र वरून बुधासारखाच दिसतो, पण त्याचा गाभा अगदी लहान. बुधाची घनता पाण्याच्या ५.४ पट, चंद्राची ३.३ पट.

वेस्टा आणि सेरेस तर एकाच लघुग्रह पट्ट्यातले. नासाचं डॉन यान २०११ मध्ये वेस्टाला पोचलं, २०१५ मध्ये सेरेसला. वेस्टा कधीकाळी वितळला होता, त्याच्यावर लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट आहे. आपल्याकडे विहीर खणताना लागतो त्याच जातीचा काळा पाषाण. सेरेसच्या पोटात मात्र भरपूर बर्फ. तिथल्या ऑकेटर विवरात पांढरेशुभ्र डाग दिसले, ते मुख्यतः सोडियम कार्बोनेट या क्षाराचे निघाले.

आता लोणारला या. सरोवराचं पाणी ओसरलं की काठच्या चिखलावर पांढरा पापुद्रा धरतो. त्यातही हाच क्षार असतो. पूर्वी तो काढून विकतही. पण दोन्हीकडची कारणं वेगळी. लोणारला पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी बेसाल्टमधले क्षार घेऊन खाली येतं, बाहेर जायला वाट नाही, उन्हाने पाणी उडतं आणि क्षार उरतो. सेरेसवर खारं पाणी कवचाखालून भेगांतून वर आलं, पाणी अवकाशात उडून गेलं. खड्डा दोन्हीकडे अवकाशातला दगड आदळण्यानेच झालेला, क्षारही तोच, पण घडलं निराळं. हे तुलनेशिवाय कळणार कसं?

शिवाय बेसाल्टमध्ये आदळून झालेली, इतकी शाबूत विवरं पृथ्वीवर फार थोडी. चंद्र-मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात ते म्हणून. आपल्या पोरांनी ते कशासाठी येतात हे न समजता नुसते व्यास पाठ करावेत, हे मला मान्य नाही.

तक्ता पुढच्या लेखात टाकतो. व्यासाशेजारी घनतेचा रकाना मात्र राहीलच.